भाद्रपदातली लांबट रोपं आणि त्यांची डागडुजी

इंदूरात हिवाळी टोमॅटो, वांगी, मिरची, झेंडू यांचं बी ऑगस्टच्या शेवटापासून गणपती उठेपर्यंत ट्रेमध्ये पडतं. नेमके हेच दिवस ढगांचे. पावसाचा मार नको म्हणून ट्रे घरात खिडकीशी येतो, बी छान उगवतं, आणि आठवड्याभरात दोऱ्यासारखं पांढुरकं खोड, वर दोन पानं आणि सगळी रोपं खिडकीकडे माना वळवून आडवी, असं चित्र दिसतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ताणलेलं खोड परत आखूड होत नाही. खतानं नाही, औषधानं नाही, ऊन दाखवूनही नाही. हातात दोनच गोष्टी उरतात: झालेली लांबी मातीखाली घालणं आणि यापुढचं प्रत्येक पेर (खोडाचा दोन पानांमधला भाग) आखूड येईल अशी सोय करणं. यातली दुसरी गोष्ट आधी करायची. बहुतेक जण उलटं करतात. रोप खोल लावतात आणि पुन्हा त्याच खिडकीत ठेवतात. दहा दिवसांत ते मातीवर पुन्हा तितकंच लांब होतं, आणि आता खाली गाडायला जागाही उरलेली नसते.

उपाय करण्याआधी रोप डोळ्यांजवळ धरून बघा. लांबी कुठे आली आहे त्यावरून उजेड कधी कमी पडला ते कळतं. माती ते बीजपत्रं (सुरुवातीची दोन गुळगुळीत पानं) एवढाच भाग लांब असेल आणि वरची पेरं ठीक असतील, तर गडबड उगवल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांतली आहे. असं रोप वाचवणं सोपं. टोमॅटोचा हा भाग अडीच ते चार सेंटिमीटर असला तर काळजीचं कारण नाही. सातच्या पुढे गेला की रोप स्वतःच्या भारानं पडतं. खालचा भाग ठीक पण खऱ्या पानांमधली पेरं लांब असतील, तर रोपांची दाटी झाली आहे किंवा नंतर ढगाळ आठवडा गेला आहे. खोड एकाच बाजूला वाकलं असेल तर उजेड एका बाजूनंच येतोय. ट्रे रोज फिरवल्यानं मान सरळ होते, लांबी मात्र थांबत नाही. आणि मातीलगत खोड तपकिरी होऊन चिमटल्यासारखं बारीक झालं असेल तर तो लांबटपणा नव्हे, कोलमड आहे, म्हणजे बुरशी. ते रोप खोल लावलं तर लवकर सडतं. आसपासच्या मातीसकट काढून फेका.

आता खिडकी. खोली आपल्याला लख्ख वाटते कारण डोळा अंधार-उजेडाशी पटकन जुळवून घेतो. झाडाला ती सोय नाही. मोबाईलवर लक्स (उजेडाचं माप) मोजायचं एखादं फुकट अ‍ॅप घ्या, फोन पानांच्या उंचीवर स्क्रीन आकाशाकडे करून ठेवा आणि आकडा बघा. पावसाळी दुपारी खिडकीच्या कट्ट्यावर एक ते तीन हजार लक्स मिळतात, मच्छरजाळी लावलेली असेल तर आणखी कमी. त्याच वेळी बाहेर मोकळ्या गच्चीवर, ढगाखालीसुद्धा, दहा-वीस हजार असतात. स्वच्छ दुपारचं ऊन एक लाखाच्या घरात जातं. भाजीच्या रोपाला आखूड राहायला निदान दहा हजार लक्स, तेही चौदा-पंधरा तास, लागतात.

‘पण डिसेंबरात याच खिडकीत रोपं मस्त झाली होती’ हा अनुभव खोटा नाही. त्याचं उत्तर सूर्याच्या उंचीत आहे. इंदूर कर्कवृत्ताच्या जरासं दक्षिणेला, 22.7 अक्षांशावर. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 44 अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत खोलवर येतं. सप्टेंबरच्या 22-23 तारखेला तोच सूर्य 67 अंशांवर असतो. खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल तर डिसेंबरात त्याची सावली भिंतीवर दोन फुटांपर्यंतच उतरते, पण सप्टेंबरात ती पावणेपाच फुटांवर जाते, म्हणजे अख्खी खिडकी दुपारी सावलीत. जून-जुलैत तर सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन शोधूनही सापडत नाही. इंदूरच्या राजेंद्रनगर, सुदामानगरकडच्या जुन्या घरांचे छज्जे चांगले रुंद आहेत. उन्हाळ्यात वरदान, रोपांसाठी शाप.

म्हणून पहिला पर्याय: ट्रे बाहेर काढा. गच्चीवर चार विटांवर पाट ठेवून त्यावर ट्रे, आणि वर दोन-अडीच फुटांवर पारदर्शक यूव्ही पॉलिथिनचा उतरता ताव, चारी बाजू उघड्या. पावसाचा मार थांबतो, उजेड बराचसा मिळतो, वारा खेळतो. हिरवी शेडनेट या कामाला चालत नाही. दुकानात दाट दिसते म्हणून लोक 75 टक्क्यांची घेतात आणि ढगाळ दिवसांत तीच रोपं ताणायला पुरेशी होते. शेडनेट लागेल ती ऑक्टोबरच्या उन्हात, आणि तीही 50 टक्क्यांची. मोठ्या झाडाखालची जागाही टाळा. पानांतून गाळून आलेल्या उजेडात लाल भाग कमी आणि दूरलाल (लालच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा) भाग जास्त असतो. रोप त्यावरून ‘शेजारी कुणी उंच आहे’ असा अर्थ लावतं आणि वाढायची घाई करतं. दाट पेरलेल्या ट्रेमध्येही हेच होतं. 98 खणांच्या ट्रेमध्ये टोमॅटो-वांगी लावायची तर एक खण सोडून एक भरा. रोपं कमी होतील, पण लावायला घेतलीत तर सगळी कामाची निघतील.

गच्ची नसेल तर दिवे. त्यासाठी जांभळे ‘ग्रो लाइट’ घ्यायची गरज नाही. खोक्यावर हजार वॉट लिहिलेले दिवे प्रत्यक्षात त्यापेक्षा कितीतरी कमी वॉट ओढतात आणि त्या रंगात पान पिवळं पडतंय का तेही दिसत नाही. साधी चार फुटी, 20 वॉटची, 6500 केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेली पांढरी एलईडी पट्टी, अशा दोन, एकमेकींपासून 15 सेंटिमीटरवर. पांढऱ्या-निळसर उजेडातला निळा भाग खोडाची लांबी आवरतो. पिवळट 2700 केल्विनमध्ये तो कमी असतो. जुना तारेचा बल्ब तर नकोच. त्यात दूरलाल आणि उष्णता दोन्ही भरपूर, रोपं जास्तच ताणतात.

खरी चूक पट्टीच्या उंचीत होते. ट्यूब छताला आणि ट्रे टेबलावर, असं असलं तर उपयोग शून्य. पट्टी शेंड्यापासून 8 ते 10 सेंटिमीटरवर हवी. अंतर दुप्पट झालं की नळीचा उजेड साधारण निम्मा होतो. 10 सेंटिमीटरवर दोन पट्ट्या मिळून दहा-बारा हजार लक्स देतात, तीस सेंटिमीटरवर त्यातले चार हजारही राहत नाहीत. एलईडीला आच फारशी नसते, पानं भाजायची भीती नको. हात उलटा करून पानांच्या पातळीवर मिनिटभर धरा, गरम लागला तरच वर करा. पट्ट्या साखळीनं किंवा गाठी मारलेल्या सुतळीनं टांगा म्हणजे रोपं वाढतील तशा वर घेता येतात. दोन पट्ट्यांखाली दोन प्रोट्रे (खणांचे ट्रे) लांबीला लांबी लावून बसतात. कडेनं पांढरा थर्माकोल उभा केला की काठावरच्या रोपांना उजेड परत मिळतो. अ‍ॅल्युमिनियमच्या चुरगळलेल्या फॉइलपेक्षा थर्माकोल बरा, कारण तो उजेड सारखा पसरवतो.

वेळ सकाळी 6 ते रात्री 9. प्लगमध्ये लावायचा टायमर घ्या, रोज आठवणीनं बटण दाबणं कुणाला जमत नाही. खर्च दिवसाला 0.6 युनिट, महिन्याला 18. चोवीस तास दिवा ठेवू नका. टोमॅटो आणि वांग्याला सतत उजेड सोसत नाही, पानं शिरांमध्ये पिवळी पडतात आणि मग लोक खत कमी पडलं म्हणून खत घालत बसतात.

ऊब हा याचा जोडीदार. कमी उजेड आणि जास्त ऊब एकत्र आली की रोप ताणलंच. बी उगवायला टोमॅटो, मिरचीला 25 ते 30 अंश लागतात, म्हणून ट्रे फ्रिजवर किंवा स्वयंपाकघरात, वर पॉलिथिन घालून ठेवणं बरोबरच आहे. पण ती सोय उगवेपर्यंतचीच. पहिल्या पाच-सहा बियांची कमान मातीवर दिसली की झाकण काढायचं आणि ट्रे उजेडात न्यायचा, बाकीच्या बियांची वाट बघायची नाही. एक रात्र झाकणाखाली जास्त राहिली तरी खोड दोन-तीन सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. त्यानंतर दिवसा 20 ते 25 आणि रात्री 16 ते 18 अंश उत्तम. भाद्रपदातल्या इंदूरच्या रात्री 21-22 च्या आसपासच राहतात, म्हणून या काळात सगळा भार उजेडावर टाकावा लागतो. ऑक्टोबरच्या शेवटी रात्री उतरल्या की आपोआप आखूडपणा येतो. तेव्हा पहाटेचा गारवा रोपांना लागू द्या, सूर्योदयाच्या आसपासचे दोन-तीन तास गार असले तर लांबी चांगलीच आवरते. डिसेंबरात मात्र मिरची-वांगी रात्री आत घ्या. पारा 10-12 च्या खाली गेला की ती नुसती थिजून बसतात.

उजेडाची सोय झाली, दोन दिवस गेले, शेंड्याची नवी पानं गडद दिसू लागली की मग खोल लावायचं. इथे प्रत्येक पिकाचं वेगळं आहे आणि सरसकट सल्ले घात करतात.

टोमॅटो सगळ्यांत सोशिक. त्याच्या खोडाला मातीचा स्पर्श आणि ओल मिळाली की ठिकठिकाणी मुळं फुटतात. दोन खरी पानं आल्यावर हे काम करा. आदल्या दिवशी पाणी बंद ठेवा. जरा मलूल झालेलं खोड वाकतं, पाणी प्यालेलं कडक खोड मोडतं. 200-250 मिलीचा कागदी कप घ्या, बुडाला पेन्सिलच्या जाडीची तीन भोकं. तळाला दोन सेंटिमीटर मिश्रण. ट्रेचा खण खालून दाबून रोप वर ढकला आणि पानाला धरून उचला, खोडाला नाही. पान फाटलं तर दुसरं येतं, खोड चेपलं तर रोप गेलं. बीजपत्रं नखानं खुडा, नाहीतर मातीत कुजतात. रोप उभं धरून खऱ्या पानांच्या खाली एक सेंटिमीटर राहीपर्यंत मिश्रण भरा, बोटानं दाबू नका, कप दोनदा टेबलावर आपटा. खोड कपापेक्षाही लांब असेल तर त्याला तळाशी हलका वळसा द्या किंवा पसरट कुंडीत आडवं निजवून फक्त शेंडा बाहेर ठेवा. दिवसाभरात शेंडा स्वतःच उभा होतो. पाणी खालून, ताटलीत दोन बोटं, वीस मिनिटं, उरलेलं ओतून द्या. दोन दिवस थेट उन्हाबाहेर, पण उजेडात. आठवड्याभरात मुळं धरतात.

झेंडूही खोडातून मुळं काढतो, त्याला बीजपत्रांच्या वरपर्यंत गाडलं तरी चालतं. पत्ताकोबी, फुलकोबी बीजपत्रांपर्यंत घाला. मधला गाभा मातीखाली जाता कामा नये. वांगं बीजपत्रांच्या लगेच खालपर्यंत. मिरचीची खोडातून मुळं काढायची तयारी कमी, तीही बीजपत्रांपर्यंतच घ्या, आणि मिश्रण भुसभुशीत ठेवा. काकडी, दुधी, गिलकी यांच्या वाट्याला जाऊ नका: खोड पाणीदार, मातीत लवकर सडतं, मुळांना हलवलेलं चालत नाही. त्यांचं बी मोठं, चार-सहा दिवसांत उगवतं, सरळ पुन्हा पेरा. पपईचं खोडही ओल्या मातीत गाडू नये.

वाचवायचं की पुन्हा पेरायचं, याचा हिशेब वेळेचा आहे. टोमॅटो पाच ते आठ दिवसांत उगवतो आणि पंचवीस-तीस दिवसांत लावणीला येतो. खरी पानं यायच्या आधीच सगळा ट्रे आडवा झाला असेल तर डागडुजीपेक्षा नवी पेरणी लवकर पुढे जाते. मिरचीला उगवायलाच आठ ते चौदा दिवस आणि लावणीला पस्तीस-चाळीस लागतात, संकरित बीही महाग, म्हणून मिरची शक्यतो वाचवा. खोल लावता येत नाही अशा मिरचीला खराट्याची काडी आणि सुती दोरा, आठच्या आकड्यात, सैल. ही काडी दहा-बारा दिवसांत काढायची. कायम टेकू मिळालेलं खोड जाड व्हायचं कारणच उरत नाही.

कारण खोड जाड होतं ते हलण्यानं. छोटा पंखा सर्वांत कमी वेगावर, पानं नुसती थरथरतील इतकाच, दिवसातून दोन-तीन तास. पंखा नसेल तर जाड पुठ्ठा किंवा तळहात शेंड्यांवरून हलका फिरवा, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. टोमॅटो आणि वांग्यात याचा परिणाम आठवड्या-दोन आठवड्यांत दिसतो. मिरचीची पानं यानं फाटतात, तिला वाराच बरा. पानं ओली असताना हात फिरवू नका, एका रोपाचा रोग सगळ्या ट्रेला लागतो. आणि पंख्याखाली ट्रे लवकर सुकतो हे ध्यानात ठेवा.

मिश्रण: दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेलं गांडूळखत, एक भाग परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) किंवा जाड वाळू. कोकोपीट दोन-तीनदा भिजवून पिळा, पाण्याचा गडद तपकिरी रंग फिका होईपर्यंत. त्यातले क्षार कोवळ्या मुळांना भाजतात. माळव्याची काळी माती शेतात कितीही गुणाची असली तरी खणात नको. ओली असताना चिकट, सुकली की आकसून भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. कंपोस्ट घालायचं तर पूर्ण मुरलेलं. ज्या गावात कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी 1920 च्या दशकात कंपोस्टच्या ढिगाची ‘इंदूर पद्धत’ बसवली, त्या गावात अर्धकच्चं, अजून गरम लागणारं खत रोपांना घातलेलं पाहिलं की वाईट वाटतं. त्या पद्धतीतही ढीग उलटापालट करत सुमारे तीन महिने मुरवायचा असतो, आणि ते उगाच नव्हे.

पाणी वरचा थर फिकट झाल्यावरच, सकाळी. सतत ओला ट्रे म्हणजे मऊ, पाण्यानं फुगलेलं खोड आणि कोलमड. खत दुसरं खरं पान आल्यावर सुरू: 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. सपाट चहाचा चमचा साधारण पाच ग्रॅमचा, म्हणजे दहा लिटरला एक चमचा. चार पानांवर पाच लिटरला एक. युरिया अजिबात नको. लांबट रोप फिकट दिसतं म्हणून लोक युरिया देतात. पानं हिरवी होतात आणि खोड आणखी पळतं. डीएपीचं पाणी घालायची सवयही सोडा, जादा फॉस्फरसही कोवळ्या रोपाला लांबवतो. रोप फिकट आहे ते उजेडाअभावी, आधी लक्स मोजा.

आंब्याला मोहोर यावा म्हणून वापरतात ते पॅक्लोब्यूट्राझोल रोपांवर मारायचा सल्ला ऐकू येतो. त्यानं वाढ खुंटते हे खरं, पण घरच्या मापानं ते जास्तच पडतं, रोप महिनाभर बसून राहतं, आणि औषध मातीत दीर्घकाळ टिकतं. खायच्या भाजीला घरी हे करू नये.

उन्हाची सवय हा शेवटचा टप्पा, आणि इथे सगळ्यात जास्त रोपं मरतात. ढगात आणि दिव्याखाली वाढलेलं पान पातळ असतं. पाऊस सरला की ऑक्टोबरचं ऊन कोरडं आणि धारदार होतं. एका दुपारीत पानांवर कागदासारखे पांढरे डाग पडतात. ते डाग जात नाहीत, पण शेंडा हिरवा असेल तर रोप जगतं, डागाळलेलं पान लगेच काढू नका. पहिल्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास, मग रोज अर्धा तास वाढवत आठ दिवसांत सकाळी अकरापर्यंत न्या. त्यानंतर चार दिवस 50 टक्के शेडनेटखाली दिवसभर.

लावणीच्या वेळी टोमॅटोचं खोड तीन-चार मिलिमीटर जाड आणि मातीवरची उंची 12 ते 15 सेंटिमीटर असावी. 12 इंची पिशवीत लावताना पुन्हा एकदा खालची दोन पानं खुडून खोल घ्या. झेंडूचा शेंडा सहा पानांवर खुडा. मिरचीचा खुडायचा तर आठ-दहा पानं येऊन नवी पेरं आखूड दिसू लागल्यावर. अशक्त रोपाचा शेंडा खुडला तर ते फांद्या फोडण्याऐवजी नुसतं उभं राहतं. खोल लावलेल्या टोमॅटोचा पहिला फुलांचा घोस मातीच्या फार जवळ येतो, पाणी घालताना उडालेल्या चिखलानं त्याला करपा लागतो. बुंध्याशी वाळलेल्या पानांचा किंवा भुशाचा दोन इंची थर टाका आणि मातीला टेकणारी खालची पानं काढत राहा.